पावणेदोन किलो बाजरी

जे सांगण्यासाठी मी हा प्रवास केला, ते जवळजवळ चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला ठाऊक होतं, पण तेही मी सांगितलं म्हणून नव्हे. कपाट आवरताना तिच्या हाती एक जुना तक्ता लागला. हा घरात कसा, असं तिनं विचारलं आणि उत्तर द्यायला मी इतका वेळ घेतला की तिला कळायचं ते कळलं. गेल्या वर्षी ती गेली. आता ते माहीत असलेला मी एकटाच उरलो, आणि एकट्यानं ते सांभाळणं मला जमेना.

मी आकडेवारीच्या सरकारी नोकरीत होतो. जिल्ह्यात वर्षभरात शेतात किती पिकलं, कारखान्यांतून किती निघालं, व्यापारात आणि बांधकामात किती भर पडली, याची बेरीज करायची आणि ती मागच्या वर्षांच्या शेजारी मांडायची, हे माझं काम. आलेखाच्या कागदावर वर्षाला एक टिंब पडे. टिंबं जोडली की जिल्ह्याची रेघ तयार होई. ती रेघ चढती राहिली की मला घरातल्या मुलाचे मार्क वाढल्यासारखं वाटायचं. हे आज लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

जानेवारीत एका रविवारच्या पुरवणीत मराठवाड्याच्या गेल्या पन्नास वर्षांच्या उत्पन्नावर लेख आला. सोबत आलेख होता. चष्मा पुसून मी तो पाहिला. वाळूजचे कारखाने नुकते सुरू झाले होते आणि पावसानं दगा दिला होता, त्या वर्षीचं माझं टिंब तिथं होतं. दुष्काळातही इथली शेती तग धरून राहिली, असा अर्थ लेखकानं त्यावरून काढला होता. शेतीनं तग धरला नव्हता. तिला तग मी धरायला लावला होता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी नाशिकहून निघालो. मुलीला सांगितलं, जुने मित्र भेटायचे आहेत.

संभाजीनगर

बसस्थानकाजवळच्या लॉजमध्ये उतरलो. न्हाणीघराच्या दारावर खडूनं लिहिलं होतं, ‘बादली एकच’. मॅनेजर म्हणाला, ‘‘काका, राग नका मानू. नळाला पाणी आठव्या दिवशी येतं. आज सहावा दिवस हाय.’’ नाशिकला आम्ही नळ सोडून दात घासतो. इथं मी गुमान अर्ध्या बादलीत आंघोळ केली आणि उरलेली अर्धी झाकून ठेवली. जुनी सवय हातानं आपसूक आठवली.

रिक्षानं जालना रोडवरून निघालो. मी नोकरीला लागलो तेव्हा सेव्हन हिलच्या पुढं वस्ती विरळ होत जायची आणि चिकलठाण्यापर्यंत ज्वारीची ताटं दिसायची. आता उड्डाणपूल, मोटारींच्या शोरूम, दवाखाने आणि त्यांच्यामधून पाण्याचे टँकर. शहर वाढलं हे मला नवीन नव्हतं. त्याची वाढ मीच कागदावर मांडलेली. पण कागदावर ती एका बोटाएवढी उंच होती. इथं मान वर करून बघावी लागत होती.

ऑफिसात आता एक तरुण मॅडम आहेत. मी नाव सांगताच त्या उठून उभ्या राहिल्या.

‘‘पाठक सर? म्हणजे जुन्या मालिकेतले पाठक? सर, तुमची मालिका आम्ही अजून वापरतो. एवढी स्वच्छ मालिका दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याची नाही, असं आम्हाला ट्रेनिंगला सांगितलं होतं.’’

त्यांनी चहा मागवला आणि संगणकावर रेघ दाखवली. शेतीची हिरवी, उद्योगांची लाल. हिरवी पाऊस बघून वरखाली होत होती, लाल चढत गेली होती. एका जागी, जिथं हिरवीनं खाली यायला हवं होतं, तिथं ती लालच्या बरोबरीनं बोटभर वर सरकली होती.

‘‘त्यातला एक आकडा खोटा आहे,’’ मी म्हणालो.

‘‘टायपिंगची चूक असेल सर. दुरुस्त करू.’’

‘‘चूक नाही. मी खोटा लिहिला.’’

त्यांनी उठून दार लोटलं.

मी त्यांना जे सांगितलं ते इथं थोडक्यात लिहितो. गावात किती पिकलं हे ठरवायला आम्ही पीक कापणी प्रयोग करायचो. चिठ्ठीनं येईल त्या गटात जायचं, ठरलेली पावलं मोजायची, खुंट्या ठोकून दोरीनं चौकोन आखायचा. दोरीच्या आतलं सगळं कापायचं, बाहेरचं एक कणीसही घ्यायचं नाही. मळून, उफणून, वजन करून तक्त्यावर लिहायचं. हे काम कृषी सहायक करत. त्या तक्त्यांचा आधार घेऊन महसूलवाले गावाची पैसेवारी ठरवत, तिला लोक अजूनही आणेवारी म्हणतात. ती पन्नास पैशांच्या खाली आली तर गाव दुष्काळी. वर राहिली तर नाही टँकर, नाही जनावरांसाठी चारा छावणी.

करमाडच्या पुढच्या एका गावात, नाव लिहीत नाही, वाडी म्हणतो, तिथला प्रयोग कडुबा गाढे नावाच्या सहायकानं केला होता. तो त्याच गावचा. चिठ्ठीनं आलेला गट ओढ्यापलीकडं होता. तिथं चालत जाऊन त्यानं नियमाप्रमाणं बाजरी कापली. वजन भरलं पावणेदोन किलो. बऱ्या वर्षी सात-आठ भरतं.

त्या वर्षी जिल्ह्याचं उत्पन्न वाढणार, असं टिपण मी आधीच पाठवलं होतं आणि त्याचं कौतुकही झालं होतं. बाकीच्या गावांचे तक्ते खाली येत होतेच. वाडीचा आला तेव्हा मला वाटलं, रेघ आता मोडणार. आमच्या कामात एक पळवाट होती. आकडा फारच वेगळा आला, तर प्रयोग सदोष म्हणून बाद करून पर्यायी गट घेता येई. आणि एक वाईट रीत होती. पावसात कागद भिजतात, पुन्हा सहीला चकरा नकोत, म्हणून सहायक कोऱ्या तक्त्यांवर सह्या करून ऑफिसात ठेवत. कडुबाच्याही सहीचे दोन कोरे तक्ते माझ्या खणात होते.

मी जीपमधून वाडीला गेलो. रस्त्याकडेला विहिरीच्या पाण्यावरचा एक तुकडा हिरवा उभा होता. मी जीपमधून उतरलोही नाही. नजरेनं पाहिलं, आणि ऑफिसात येऊन कडुबाच्या सहीच्या कोऱ्या तक्त्यावर सात किलो लिहिलं. त्याच हातानं आणखी चार-पाच गावांचं तसंच केलं. पण बाकीच्या गावांचे सहायक परगावचे होते. कडुबा वाडीचा होता.

मॅडमनी संगणकावर त्या वर्षाच्या टिंबावर बोट ठेवलं.

‘‘सर, तुम्ही लेखी दिलंत तर मी वर पाठवीन. पण मालिका बदलेल असं वाटत नाही. त्या वर्षावर पुढची किती सरासरी उभी आहे.’’ मग आवाज उतरवून म्हणाल्या, ‘‘आणि एक सांगू? चौकशी निघाली तर पहिली नोटीस तुम्हाला जाणार नाही. तक्त्यावर सही कुणाची आहे?’’

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी खरं लिहून दिलं, तरी पहिला फटका पुन्हा त्यालाच बसणार होता.

‘‘ते हयात आहेत का?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘माहीत नाही.’’

‘‘मग आधी त्यांना सांगा सर. ते हो म्हणाले की माझ्याकडं या. मी इथंच आहे.’’

बाहेर येऊन गुलमंडीला गेलो. पूर्वी पगाराच्या दिवशी तिथली इमरती घरी न्यायचो. एक घेतली. गोड लागली, आणि गोड लागली याचाच राग आला.

करमाडच्या पुढं

करमाडला उतरून रिक्षा केली. दाढीवाला म्हातारा चालक होता. वाडी म्हणताच हसला.

‘‘चाचा, वो गाँव आधा तो कंपनी में चला गया. आधा बाकी हय, उसमें छोडूँ क्या?’’

‘‘ओढ्यापलीकडं जायचंय.’’

‘‘ओढा किधर हय अब? चलो, दिखाता.’’

ओढ्याच्या जागी सिमेंटचा नाला होता आणि नाल्यापलीकडं लांबच लांब कंपाउंडची भिंत. मी पावलं मोजायचा प्रयत्न केला. कडुबाचा गट भिंतीच्या आत पडत होता, जिथं कंटेनर उभे होते. गेटवरचा रखवालदार लगबगीनं आला, ‘‘अंकल, इधर फोटो मना है.’’ माझ्याकडं कॅमेरा नव्हता. माझ्याकडं प्लॅस्टिकच्या पिशवीत एक पिवळा पडलेला तक्ता होता, पावणेदोन किलोचा. तो फाडून टाकायची हिंमत मला कधी झाली नव्हती.

परत फिरताना नाल्याच्या कडेला चपलेचा अंगठा तुटला. एक चप्पल हातात घेऊन मी भिंतीजवळच्या चहाच्या टपरीवर बसलो. बाकड्यावर माझ्याच वयाचा एक काटक म्हातारा होता. त्यानं चपलेकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

‘‘कुनाकडं आलते?’’

‘‘कडुबा गाढे इथलेच ना?’’

‘‘व्हते.’’ तो बशीत चहा ओतत म्हणाला. ‘‘आता सोयगावला असतो. तुम्ही कोन म्हनायचं?’’

‘‘त्यांच्याबरोबर नोकरीला होतो.’’

‘‘मंग तुम्हाला ठावं असंलच. म्या आसाराम. थोरला भाऊ त्याचा.’’ त्यानं चहा भुरकला. ‘‘चाळीस वर्षं होत आली, त्याच्या उंबऱ्याला पाय नाय लावला.’’

मला काही विचारावं लागलं नाही. आपल्याकडं लोक परक्याला घरातलं लवकर सांगतात, कारण परका उद्या निघून जाणार असतो.

‘‘आमच्याच मानसानं आनेवारी जास्त लिवली. शेजारच्या गावाला छावनी लागली, आम्हाला नाय. तिथली जनावरं चारा खात्यात अन् आमची हिकून बघत्यात. म्या दोन बैल अन् एक गाय बाजारात सोडली. कुनी घेईना. शेवटी कुठं गेली ते इचारू नका. मंग शहरात गेलो, इटा उचलायला. त्या सिडकोतल्या किती भिंती माझ्या हातच्या हायत. पोरं वाळूजला लागली. आता बघा, बरं चाललंय आमचं. लोक म्हन्त्यात, दुष्काळानं भलं केलं.’’ तो खदखदून हसला. ‘‘कडूच्या पोरीच्या लग्नाला गावातलं एक मानूस गेलं नाय. म्या सख्खा चुलता, म्या बी नाय गेलो. त्यानं सांगितलं व्हतं, म्या नाय लिवलं, वरून बदललं. म्हनलं, सही कुनाची? तो गप.’’

लाल रेघ मी नोकरीभर मांडली, पण तिच्यात काय काय मिसळलेलं असतं हे मला माहीत नव्हतं.

मी पिशवीतून तक्ता काढून त्याच्या हातात दिला. तो चौथीपर्यंत शिकलेला होता. त्यानं कागद लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला.

‘‘हे अक्षर कडूचं हाय.’’

‘‘हो.’’

‘‘पाव...ने...दोन.’’ त्यानं बोट थांबवलं. ‘‘मंग तो दुसरा कागद कुनी लिवला?’’

‘‘मी.’’

टपरीवाल्यानं भांडं वाजवणं थांबवलं. आसाराम उठला. मला वाटलं, आता हा हात उगारणार, आणि खरं सांगायचं तर उगारावा असंच मला वाटत होतं. त्यानं उरलेला चहा जमिनीवर ओतला आणि बशी पालथी घातली.

‘‘तुमच्यावर कुनाचा दाब व्हता?’’

‘‘कुणाचाच नव्हता.’’

‘‘मंग वरून बदललं, असं कडूला कुनी सांगितलं?’’

‘‘तेही मीच.’’

आसारामनं तक्ता माझ्याकडं फेकला नाही. नीट घडी करून दिला. ‘‘मला दावून काय फायदा? उद्या सकाळी सातला शहरातल्या स्टँडवर या. म्या येतो. तिथं म्या एक शब्द बोलनार नाय. तुमच्या तोंडानं सांगायचं.’’ मग टपरीवाल्याला म्हणाला, ‘‘साहेबाच्या चपलीला तार दे रं एक. पळून जायचं असंल तर निदान धड पळू दे.’’

घाट उतरताना

सकाळी स्टँडवर पोचलो तर आसाराम माझ्या आधी आलेला. पांढरा सदरा, डोक्याला कोरा रुमाल, हातात कापडी पिशवी. मी न येण्याची त्याला खात्री असावी, कारण मला पाहून त्याचं तोंड जरा पडलं.

बस फुलंब्रीहून सिल्लोडकडं निघाली. दोन्ही बाजूला वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या आणि मध्येच मक्याचे हिरवे तुकडे. मी मनात वाक्यं जुळवत होतो. ऑफिसच्या टिपणासारखी ती जुळत होती: सदर प्रकरणी माझ्याकडून. पुसून पुन्हा सुरुवात करायचो.

सिल्लोडला बस थांबली. आसारामनं फडकं सोडलं. बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा. त्यानं एक घास घेतला, मग माझ्याकडं न बघता भाकरी मोडून अर्धी पुढं केली.

‘‘घ्या.’’

‘‘नको, तुम्ही खा.’’

‘‘घ्या म्हनतो ना. उपाशी मानसाला धड बोलता येत नाय, अन् तुम्हाला आज बोलायचंय.’’

मी घेतली. आमच्या घरी बाजरी संक्रांतीपुरती आणि हौसेनं खातात. ही भाकरी रोजची होती, जाड आणि करपट वासाची. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं. आसाराम म्हणाला, ‘‘आत्ताच नका रडू. पुढं लागंल.’’

अजिंठ्याच्या घाटात हवा बदलली. वरचं खडकाळ पठार मागं पडलं आणि खाली उन्हात थरथरणारा सपाट मुलूख दिसला. आसाराम खिडकीला नाक लावून बघत होता.

‘‘हितं धाडलं व्हय माझ्या भावाला,’’ तो म्हणाला.

बदलीची शिफारस मी केली होती. गावात तुम्हाला त्रास होतोय, म्हणून सोयीची जागा बघितली, असं मी कडुबाला सांगितलं होतं. खरं कारण असं की तो रोज ऑफिसच्या जिन्यात समोर यायचा आणि वाकून नमस्कार करायचा.

सोयगाव

घर गावाच्या कडेला, डोंगराच्या अंगाला. अंगणात सावलीपासून दूर, मोकळ्या जागी एक पर्जन्यमापक उभा होता. जुन्या पत्र्याचा, पण नीट रंगवलेला. त्याच्याशेजारी खुर्चीवर बसून एक माणूस लसूण सोलत होता. तो आधी मला नाही, आसारामला बघून उठला. मांडीवरचं सुपडं लसणासकट खाली पडलं.

‘‘भाऊ?’’

‘‘व्हय.’’

मग कडुबाची नजर माझ्यावर आली. त्यानं डोळे बारीक केले आणि त्याचा चेहरा असा उजळला की मी अंगणातच थांबलो.

‘‘पाठकसाहेब! अगं बाहेर ये. साहेब आले. म्या सांगत असतो ना, तेच पाठकसाहेब!’’

वहिनी बाहेर आल्या. थोरल्या दिराला बघून त्यांनी पदर सारखा केला आणि काहीच न विचारता पाण्याचे दोन तांबे आणले. मी बसलो. आसाराम भिंतीला टेकून उभा राहिला, माझ्या बरोबर समोर.

‘‘कडुबा,’’ मी सुरुवात केली, ‘‘मी एका कामासाठी आलोय. मला तुम्हाला...’’

‘‘काम होईल साहेब, आधी दम घ्या.’’ तो आत गेला आणि टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन आला. माझ्या डोक्यावर त्यानं स्वतःच्या हातानं टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. मी नको नको म्हणत होतो. ‘‘असं कसं? भाऊ, तुला म्या सांगत व्हतो, वरून बदललं, तर तुला खोटं वाटायचं. हे साक्षीदार हायत. ह्यांनीच मला जिन्यात गाठून सांगितलं, गाढे, तुमचा तक्ता खरा होता, पण वरून बदलला, मी लई प्रयत्न केला. दुसऱ्या साहेबाला काय पडली व्हती सांगायची? बोला साहेब, सांगा भावाला.’’

आसाराम माझ्याकडं बघत होता.

वहिनी म्हणाल्या, ‘‘पोरीच्या लग्नाला कुनी आलं नाय, तव्हा ह्यांनी मांडवात एवढंच म्हनलं, एका मानसाला तरी खरं ठाऊक हाय. त्याच्यावर दिवस काढले साहेब आम्ही.’’

सिल्लोडपर्यंत जुळवलेली वाक्यं सगळी जागेवर होती. पहिला शब्द जिभेवर होता. मी पर्जन्यमापकाकडं पाहिलं आणि विचारलं, ‘‘यंदा पाऊस किती झाला?’’

कडुबा खूश झाला. त्यानं वह्या आणल्या, बदली होऊन आला त्या वर्षापासूनच्या. रोजचा पाऊस, सकाळी आठची नोंद, पाऊस नसेल तिथं शून्य. उन्हाळ्यातसुद्धा रोजचं शून्य. ‘‘आता कुनी मागत नाय,’’ तो म्हणाला, ‘‘पन हाताला सवय हाय. जे पडलं ते लिवायचं.’’

आसाराम भिंतीपासून सुटला. तो कडुबासमोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं डोक्यावरचा रुमाल काढला.

‘‘कडू, माझं चुकलं.’’

‘‘कशाचं भाऊ?’’

‘‘समद्याचं.’’

‘‘असू दे. आधी जेव.’’

एवढंच. मी ते करायला पन्नास वाक्यं घेऊन आलो होतो.

जेवायला येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी, भाकरी, वांग्याचं भरीत. घर घाटाखालच्या मुलखात असल्यानं भरतात तेल सढळ होतं आणि वरून कच्च्या शेंगदाण्याचा कूट. आमटी मात्र वाडीकडचीच. वहिनींनी इतक्या वर्षांत ती चव सोडली नव्हती. दोघे भाऊ एका ताटात जेवले. मी टोपी काढायला विसरलो होतो. आसारामनं सगळ्यांदेखत म्हटलं, ‘‘साहेबांना टोपी लई शोभती,’’ आणि त्यात काय आहे ते फक्त मलाच कळलं.

तीनच्या बसला कडुबा मला सोडायला आला. आसाराम तिथंच राहणार होता, पण स्टँडपर्यंत तोही आला. पोचल्यावर आसाराम मुद्दाम म्हणाला, ‘‘म्या तंबाखू घेऊन येतो,’’ आणि लांबच्या टपरीकडं गेला. टपरीवर तो पाठ करून उभा राहिला. बस यायला पंधरा मिनिटं होती. बाकावर आम्ही दोघंच.

‘‘साहेब, एक इचारू?’’ कडुबा म्हणाला. ‘‘नाव नका सांगू. तो वरचा साहेब, ज्यानं बदललं, हयात हाय का?’’

‘‘आहे.’’

‘‘म्हातारा झाला असंल.’’

‘‘हो.’’

‘‘त्याला कव्हा काय वाटत असंल का?’’

मी त्याच्याकडं वळलो. ही जागा होती. कुणी आडवं येत नव्हतं, कुणी टोपी घालत नव्हतं.

‘‘वाटत असेल,’’ मी म्हणालो. ‘‘फार वाटत असेल.’’

कडुबा म्हणाला, ‘‘भेटला तर सांगा त्याला, आमचं बरं चाललंय. म्या बी लई शिव्या दिल्या आधी. आता भाऊ आला घरी. अजून काय पायजे?’’

बस आली. कडुबानं माझी पिशवी वर चढवली आणि खिडकीची जागा धरून दिली. तो खाली उतरला तेव्हा आसाराम खिडकीशी आला.

‘‘बोललात?’’

मी मान हलवली. नाही.

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. ‘‘मंग परत या,’’ एवढंच म्हणाला. ‘‘म्या सांगनार नाय. माझ्या तोंडचं नाय ते.’’

नाशिकला येऊन तीन महिने झाले. मुलीला मी अजिंठ्याच्या घाटाचं आणि येसराच्या आमटीचं वर्णन करून सांगितलं. दोनदा सोयगावचं तिकीट काढलं, दोन्ही वेळा रद्द केलं. त्याच्या आयुष्यातला एकुलता एक साक्षीदार काढून घेणं बरं नाही, असं मी स्वतःला समजावतो. मॅडमचा फोन येऊन गेला. त्यांना सांगितलं, अजून विचारलं नाही. वाडीचा आकडा जिथं होता तिथंच आहे, आणि जिल्ह्याची रेघ अजून त्याच्यावरूनच वर जाते.

माणसांची नावं मी बदलली आहेत. ज्याच्यासाठी हे लिहिलं, त्याला तरीही ओळख पटेल. त्या पंधरा मिनिटांत बाकावर जे म्हणायचं होतं, ते एवढंच होतं:

कडुबा, वर कुणी नव्हतं. तुमच्या सहीवर तो आकडा मी लिहिला, तुम्हाला गावाबाहेर मी काढलं, आणि जिन्यात तुमच्याशी खोटं मीच बोललो. गावानं तुम्हाला जे जे म्हटलं ते माझ्या वाट्याचं होतं. मला माफ करा.